आई २९ वर्षं शिकवतेय, आता मुलीलाही शिक्षिका व्हायचंय. थांबवायचं का?

ताई, तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचणाऱ्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुम्ही ५३ वर्षांच्या, २९ वर्षं शाळेत विज्ञान शिकवताय. दुपारनंतर आवाज बसतो, संध्याकाळी पाय भरून येतात, मागच्या बाकावरची मुलं काय बोलतात ते धड ऐकू येत नाही. त्यात परवा एका मुलाने वर्गात विचारलं की मॅडम तुमच्या लहानपणी इंटरनेट नव्हतं तर तुम्ही करायचात काय, सगळा वर्ग हसला, आणि आपलं वय झालं हे तुम्हाला पहिल्यांदा जाणवलं. आता २१ वर्षांची लेक म्हणतेय की मलाही टीचरच व्हायचंय, आणि तुम्ही विचारताय, तिला थांबवू का.

थांबवू नका. पण "तुझं तू बघ" म्हणून मोकळ्याही होऊ नका, कारण ह्या पेशात वय कसं वाढतं हे तिला तुमच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही.

दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात माणूस आपल्या बरोबरच्यांसोबत म्हातारा होतो. शाळेत तसं होत नाही. सातवीतली मुलं दरवर्षी बारा-तेरा वर्षांचीच असतात, वय फक्त आपलं वाढतं. तुमची मुलगी २३ व्या वर्षी वर्गात उभी राहिली तर मुलांत आणि तिच्यात दहा वर्षांचं अंतर असेल, ५८ व्या वर्षी ते ४५ चं झालेलं असेल. पालकांचंही तेच. सुरुवातीला पालकसभेला समोर बसलेले सगळे आपल्यापेक्षा मोठे असतात आणि आपल्याला धडधडत असतं, मग कधीतरी ते आपल्या बरोबरीचे होतात, आणि नंतर एक दिवस समोरचा बाबा म्हणतो, मॅडम ओळखलंत का, मी तुमच्याच वर्गात होतो. स्टाफरूममध्येही काल-परवापर्यंत आपण सगळ्यात लहान असतो आणि बघता बघता नवीन मुली आपल्याला विचारून विचारून पेपर काढायला लागतात.

म्हणजे काम तेच दिसलं तरी मुलांशी असलेलं नातं दर दहा-बारा वर्षांनी बदलत जातं. आधी आपण त्यांची ताई असतो, मग आईच्या जागी जातो, मग आजीच्या. मला वाटतं जास्तीत जास्त दुःख वयामुळे होत नाही, ते आधीची जागा सोडवत नाही म्हणून होतं. पंचेचाळिशीतही मुलांची फ्रेंड व्हायचा प्रयत्न, त्यांचेच शब्द वापरायचे, मुलांना ते लगेच कळतं आणि ती अवघडतात. आणि दुसरीकडे, पूर्वीची मुलं किती चांगली होती हे रोज ऐकवायचं, ते तर फारच वाईट, समोर बसलेल्यांचा काय दोष? आजीच्या जागेचं स्वतःचं एक वजन असतं. घरी काहीतरी बिनसलेलं पोर बहुतेक वेळा वयाने मोठ्या बाईंकडेच येतं, कारण ह्यांनी सगळं बघितलंय, ह्या घाबरणार नाहीत, असं त्याला वाटतं. तुमच्याकडे अशी मुलं येत असणारच, पत्रात तुम्ही ते लिहिलं नाहीये एवढंच.

आणि तो इंटरनेटचा प्रश्न मला तरी टिंगल वाटला नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं हो. सांगा त्याला.

मायकेल ह्युबरमन नावाच्या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधल्या १६० माध्यमिक शिक्षकांच्या मुलाखती घेऊन शिक्षकी आयुष्याचे टप्पे मांडले होते, १९८९ ला ते प्रसिद्ध झालं. पहिली दोन-तीन वर्षं कसंबसं तग धरायचा काळ, मग हात बसतो, मग मधली बरीच वर्षं एकतर नवे प्रयोग नाहीतर "आपण हे का करतोय" ही शंका, त्यानंतर एक शांतपणा किंवा कुरकुर, आणि शेवटी हळूहळू हात सोडवून घेणं, ते समाधानाने किंवा कडवटपणे. सगळे ह्याच क्रमाने जातात असं त्यांचंही म्हणणं नव्हतं. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. शेवटी समाधानी कोण होते, तर जे आपल्याच वर्गात सतत बारीकसारीक बदल करून बघत होते ते, आणि अधूनमधून वेगळा वर्ग किंवा वेगळी जबाबदारी घेत होते ते. संपूर्ण शाळा बदलायच्या मोठ्या योजनांमध्ये ज्यांनी जीव ओतला ते बऱ्याचदा निराश झालेले दिसले. म्हणजे तुमच्या लेकीला काही मोठी क्रांती करायची गरज नाही, पण तोच धडा सलग दहा वर्षं त्याच वहीतून शिकवायचा नाही हे पहिल्या वर्षापासून पक्कं हवं.

डोकं मंद होतं का, हेही विचारलंत. काही बाबतीत होतं. नवीन गोष्ट झटकन पकडणं आणि अनुभवातून साठलेली समज ह्या वेगळ्या क्षमता आहेत असं रेमंड कॅटेल ह्या मानसशास्त्रज्ञाने मांडलं, पहिली तरुणपणानंतर उतरत जाते आणि दुसरी पुढे बरीच वर्षं टिकते, वाढतेसुद्धा. शिकवण्यात दुसरीच जास्त कामाला येते. उन्हाळा का येतो विचारलं की मुलं म्हणणार पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. नवीन शिक्षिका पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे असं बरोबर उत्तर सांगून पुढे जाईल. तुम्हाला मात्र मूल तोंड उघडायच्या आधीच माहीत असतं की ह्याच्या डोक्यात काय बसलंय, आणि तुम्ही आधी ते हलवता, मग उत्तर देता. हे कुठल्याही कोर्समध्ये पटकन मिळत नाही. नावं विसरतात म्हणाल तर बसायच्या जागांचा तक्ता टेबलवर ठेवा, त्यात कमीपणा नाही.

आता शरीराचं, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे कारण शिक्षक ह्याकडे अगदीच दुर्लक्ष करतात. बाईच्या स्वरतंतूंची बोलताना सेकंदाला साधारण २०० वेळा हालचाल होते. दिवसात प्रत्यक्ष दोन तास जरी बोललात तरी ते तंतू १४ लाख वेळा एकमेकांवर आपटतात, आणि शिक्षक बऱ्याचदा त्याहून जास्त बोलतो. वर्गात गोंगाट असला की आवाज आपोआप चढतो, आपल्याला कळतही नाही, एत्येन लोंबार ह्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच हे दाखवून दिलं होतं. म्हणून मुलं शांत व्हायच्या आधी बोलायला सुरुवातच करायची नाही, हात वर करून किंवा टाळी वाजवून थांबवायचं. सारखं खाकरायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा. आवाज बसल्यावर कुजबुजत बोलणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानेही ताण पडतो. कमरेला लावायचा छोटा माईक मिळतो, तो वापरा, कोण काय म्हणेल ते म्हणू दे. पाळी गेल्यावर आवाज थोडा जाड होतो ते वेगळं, पण तीन-चार आठवडे घोगरेपणा जात नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायलाच हवं.

त्याच डॉक्टरकडे कानही तपासून घ्या. वयानुसार आधी जातो तो उंच पट्टीचा आवाज ऐकण्याचा भाग, आणि लहान मुलांचे आवाज, स, श, फ सारखी अक्षरं तिथेच असतात. त्यामुळे आपल्याला वाटतं की आजकालची मुलं पुटपुटतात. आपण चिडतो, ती आणखी हळू बोलतात, आणि सगळा वर्ग विनाकारण बिघडतो. वर्गात फिरत शिकवलंत तर ऐकायलाही बरं आणि एका जागी उभं राहून पायांना जो त्रास होतो तोही कमी.

लेकीला "तुला मुलं आवडतात का" असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. तिला तुमच्याच विषयातला एक अवघड भाग घेऊन ओळखीच्या सात-आठ मुलांना वेगवेगळं बसवून समजवायला सांगा, तोच भाग, प्रत्येकाला. शेवटच्या मुलाला समजावताना ती कंटाळली की तिला ह्या मुलाचं वेगळंच काहीतरी अडतंय हे कळून हुरूप आला, ते बघा. हुरूप आला असेल तर तिला जाऊ द्या, ५८ व्या वर्षीसुद्धा तिला तेच धरून ठेवेल. कंटाळली तर विज्ञानात बाकी रस्ते भरपूर आहेत, त्यावर मी वेगळं लिहीन. आणि तिला तुमची वाईट वर्षं पण सांगा, नुसती चांगली नको, कोणत्या वर्षी सोडावंसं वाटलं आणि का नाही सोडलं ते.

तुमच्या स्वतःसाठी, येत्या वर्षी एक नेहमीचा वर्ग सोडून कधी न घेतलेला मागून बघा, आणि नवीन आलेल्या एखाद्या शिक्षिकेला आपल्या तासाला मागे बसायला बोलवा, तुम्हीही तिच्या तासाला बसा. रिटायर व्हायला अजून वेळ आहे. डॉक्टरची अपॉइंटमेंट मात्र ह्याच आठवड्यात घ्या आणि काय म्हणाले ते मला कळवा.