प्रॉबचे उत्तर बरोबर, कर्ज मात्र चूक

प्रश्न: एका योजनेच्या विक्रेत्याने वार्षिक परतावा आणि त्याची शक्यता असा तक्ता दिला: उणे १५ टक्के (०.११), शून्य (०.१५), ८ (०.३०), १२ (०.३०), १६ (०.१५). एक्सेलमधले प्रॉब फंक्शन चूक दाखवत होते. पहिली शक्यता ०.१० केल्यावर ८ ते १६ साठी ०.७५ आले, पण १० ते ११ साठी शून्यच येते. सूत्र चुकले का? ०.७५ खरे असेल तर १३ टक्क्यांनी १० लाखांचे कर्ज काढून गुंतवणार आहे. दरमहा फक्त व्याज, मुद्दल तीन वर्षांनी. योजनेचे शुल्क वर्षाला २ टक्के, ते तक्त्यात धरलेले नाही.

उत्तर: सूत्र ठीक आहे. =प्रॉब(ए२:ए६, बी२:बी६, ८, १६) हे (ए मध्ये परतावे, बी मध्ये शक्यता) दोन्ही टोके धरून मधल्या ओळींच्या शक्यतांची बेरीज करते. १० ते ११ मध्ये तुमच्या तक्त्यात एकही ओळ नाही, म्हणून शून्य. वरची मर्यादा लिहिली नाही तर ते ‘इतके किंवा जास्त’ असे समजत नाही, नेमक्या त्याच आकड्याची शक्यता देते. दोन रांगांतल्या आकड्यांची संख्या जुळली नाही तर ‘एन/ए’ (#N/A) ही चूक येते, आणि शक्यतांची बेरीज १ नसेल तर ‘नम’ (#NUM!). तुमची बेरीज १.०१ होती.

ती जुळवायला तुम्ही कात्री लावलीत ती नेमकी तोट्याच्या ओळीला! फंक्शन बेरीज तपासते, आकडे कुठून आले ते नाही. ज्या विक्रेत्याला १ पर्यंत बेरीजही जमली नाही, त्याने या शक्यता कशावरून काढल्या, हे आधी लेखी मागा.

पण तक्ता खरा धरला तरी तुम्ही विचारलेली मर्यादाच चुकीची आहे. १३ टक्के व्याज आणि २ टक्के शुल्क, म्हणजे १५ टक्क्यांखाली तुमच्या हाती काही उरत नाही. खालची मर्यादा १५, वरची १०० घालून बघा: ०.१५. (वरची मर्यादा रिकामी सोडलीत तर शून्य येईल.)

लाखांत बघू. खर्च वर्षाला दीड लाख. १६ टक्के मिळाले तर १० हजार सुटतात. १२ ला ३० हजारांचा खड्डा, ८ ला ७० हजारांचा, शून्याला दीड लाखाचा, उणे १५ ला ३ लाखांचा. परतावा गुणिले शक्यता यांची बेरीज (एक्सेलच्या समप्रॉडक्ट फंक्शनने एका खान्यात होते) ६.९ टक्के, म्हणजे ६९ हजार. सरासरी वर्षात ८१ हजार खिशातून. ज्याला तुम्ही पाऊण शक्यतेचे यश समजत होतात, त्यातले ०.६० हे कर्जदाराच्या बाजूने तोट्याचेच आहे.

शिवाय तक्ता एका वर्षाचा आहे. तिन्ही वर्षे ८ किंवा जास्त मिळण्याची शक्यता, वर्षे एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरून, ०.७५ चा घन: सुमारे ०.४२. आणि मुद्दल तिसऱ्या वर्षाअखेर परत करायचेच आहे. ते वर्ष उणे १५ चे निघाले तर बँक थांबणार नाही.

कर्ज काढू नका. व्याजाचे दरमहा १०,८०० भरायची तुमची तयारी आहेच, तर तेच आवर्ती ठेवीत टाका. ६ टक्के धरले तरी तीन वर्षांत सव्वाचार लाख होतात, डोक्यावर मुद्दल नाही.