डब्लिनला येताय? संध्याकाळचंही बघून ठेवा

नोकरी आणि क्रिटिकल स्किल्स परमिट (आयर्लंडचं कुशल कामासाठीचं वर्क परमिट) हातात आहे, पण पुणं सोडल्यावर कामाबाहेर जीव रमेल का, गिटार आणू का आणि दारू न पिणाऱ्याने पबमध्ये जावं का, असं तुम्ही विचारलंय. जावं, नक्की जावं.

कागदपत्रांचं आधी उरकतो. आल्यावर आयआरपी, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या कार्डासाठी नोंदणी करायची, फी 300 युरो. पत्नीला नोकरीसाठी वेगळं परमिट लागत नाही. घरमालक एका महिन्याचं डिपॉझिट आणि एका महिन्याचं आगाऊ भाडं यापेक्षा जास्त कायद्याने मागू शकत नाही. घर न बघता पैसे पाठवू नका. घर मिळेपर्यंत दमछाक होते, तेवढी मनाची तयारी ठेवा.

आता संध्याकाळचं. मी तेव्हा हॅरल्ड्स क्रॉसला राहायचो. ऑफिसातून चालत घरी जाताना वाटेत एंजर स्ट्रीट लागायचा. तिथे 12 नंबरला जे. जे. स्मिथ्स हा पब होता. कवी थॉमस मूर 1779 साली याच जागी जन्मला. खाली चारचौघांसारखा पब, वर जॅझची खोली. दाराशी पैसे द्यायचे आणि मिळेल त्या खुर्चीत बसायचं. वादक इतके जवळ की ड्रमवर ब्रश फिरतानाची खसखसही कानावर यायची.

तिथे मी लुई स्टुअर्टना ऐकलं. बेनी गुडमन, रॉनी स्कॉट अशा जॅझमधल्या बड्या वादकांबरोबर वाजवलेला हा गिटारवादक आमच्यापासून हातभर अंतरावर बसायचा. चाल ओळखीची असायची, पण दोन-तीन आवर्तनांनंतर तिला असं काही वळण द्यायचे की शेजारचा म्हातारा मांडीवर थाप मारायचा. कुणाचा सोलो संपला की गाणं चालू असतानाच टाळ्या पडायच्या, आपल्या मैफलीत दाद जाते तशा. या शहरात मला पहिल्यांदा मोकळं वाटलं ते त्या खोलीत.

मी लाइम-सोडा घ्यायचो, कुणी कधी का म्हणून विचारलं नाही. आत सिगरेटचा धूरही नसतो, 2004 पासून बंदी आहे. एक रीत मात्र पाळा: इथे आळीपाळीने एकेक जण सगळ्या टेबलासाठी पेयं आणतो. त्यात तुमचा सोडा आला, तर पुढची खेप तुमची. हे विसरलेला माणूस लोकांच्या लक्षात राहतो.

तो जॅझचा पब आता नाही. स्टुअर्टही 2016 मध्ये गेले. अशा खोल्या जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. पण लोक त्यांच्यासाठी भांडतातही. स्मिथफील्डच्या कॉबलस्टोन पबच्या वर आणि भोवती हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला, तेव्हा लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले आणि 2021 मध्ये महापालिकेने परवानगी नाकारली. तिथे पारंपरिक आयरिश संगीत चालतं. पहिल्या दिवशी नुसतं ऐका, वादकांच्या खुर्च्यांवर बसू नका. जॅझ हवं तर थॉमस स्ट्रीटवरचा आर्थर्स पब आहे, निघण्याआधी त्या दिवशीचा कार्यक्रम बघून घ्या.

म्हणून माझा सल्ला: लांब उपनगरातलं मोठं घर आणि शहराजवळची छोटी खोली यांत निवड करायची वेळ आली, तर निदान पहिलं वर्ष खोली घ्या. कार्यक्रम उशिरा संपतात आणि तेव्हा चालत घरी जाता आलं, तरच माणूस दर आठवड्याला जातो. गिटार आणाच, पण कडक केसमध्ये, आणि विमान कंपनीला आधी विचारून.