पाय चार्टवर नावं आणि टक्के कसे दाखवायचे?
मुलुंडच्या तुमच्या सोसायटीच्या सभेसाठी एक्सेलमध्ये खर्चाचा पाय चार्ट केलाय, पण कुठला तुकडा कशाचा ते कळत नाही, बरोबर? चार्टवर क्लिक करा, बाजूला अधिकचं चिन्ह येईल, त्यात 'डेटा लेबल्स'वर टिक करा. आधी नुसते रुपये दिसतील. त्यातल्या एका आकड्यावर राइट-क्लिक करून 'फॉरमॅट डेटा लेबल्स' उघडा. 'कॅटेगरी नेम' आणि 'पर्सेंटेज' निवडा, 'व्हॅल्यू' काढा. टक्के एक्सेलच काढतं, वेगळा कॉलम नको.

वॉचमनचा पगार, पाण्याचं बिल नीट दिसेल. टाकी साफसफाईसारख्या बारीक तुकड्यांची लेबलं मात्र एकमेकांवर चढतात. ती माउसने बाहेर ओढा. 'लीडर लाइन्स' चालू असतील तर तुकड्यापासून लेबलापर्यंत रेघ आपोआप येते. आणि लेजंड, म्हणजे कुठला रंग कशाचा ते सांगणारी यादी, काढूनच टाका, मागे बसलेल्या आजीआजोबांना रंग जुळवत बसायला लावू नका.