चिपबोर्डच्या जमिनीवर जुन्या लाकडी फळ्या बसवताना

फळ्या आणल्या की लगेच ठोकू नका. दोन आठवडे त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या देऊन रचून ठेवा. ओलावा मोजायच्या मीटरवर फळी आणि चिपबोर्डच्या ओलाव्यात २ टक्क्यांहून जास्त फरक नको. तोवर जुने खिळे शोधून काढा, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच.

खरी गोम चिपबोर्डची. भुशाच्या या बोर्डात खिळा नीट धरत नाही, हळूहळू सैल होतो आणि जमीन करकरते. म्हणून आधी बोर्ड त्याखालच्या तुळयांना स्क्रूने आवळा, फुगलेले तुकडे बदला. फळ्या तुळयांना आडव्या ठेवून थेट तुळईत जातील इतके लांब खिळे मारा (खाली पाइप-वायर नाहीत ना, हे आधी बघाच). तुळयांच्या दिशेनेच फळ्या हव्यात? मग आधी चिपबोर्डवर प्लाय मारा. भिंतीशी १०-१२ मिमी फट सोडा, स्कर्टिंगखाली ती झाकते.