स्कॉटलंडमधील जुन्या, पारंपरिक पबमध्ये कुठे जावे, काय घ्यावे आणि कसे वागावे?

आपण विचारले आहे की, सप्टेंबरमध्ये आपण पती-पत्नी आठ दिवसांसाठी स्कॉटलंडला जात आहात, पर्यटकांसाठी सजवलेले नव्हेत तर तिथली माणसे ज्यांत रोज जातात असे जुने पब आपल्याला पाहायचे आहेत, आपल्याला व्हिस्की आवडते, पत्नी मात्र मद्य घेत नाहीत, आणि अशा ठिकाणी आपल्याला अवघडल्यासारखे तर होणार नाही ना. मी नऊ वर्षे एडिंबऱ्यात राहिले आणि आजही वर्षाआड तिथे जाते, म्हणून सविस्तर लिहिते.

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. अवघडल्यासारखे होणार नाही. मात्र पबमध्ये शिरल्यावर आपण कुठे थांबता याला फार महत्त्व आहे. आपल्याकडच्या सवयीप्रमाणे कोपऱ्यातले टेबल गाठून वेटरची वाट पाहत बसलात, तर बहुतेक जुन्या पबमध्ये कोणीही येणार नाही, आणि त्यात अनादर काही नाही, तशी पद्धतच नाही. काउंटरपाशी स्वतः जायचे, जे हवे ते सांगायचे, पैसे तिथेच चुकते करायचे आणि ग्लास घेऊन हवे तिथे बसायचे. काउंटरपाशी रांग दिसत नाही, पण कोण कोणाच्या आधी आले हे पलीकडच्या माणसाला अचूक ठाऊक असते. त्याची नजर आपल्याकडे वळेपर्यंत शांत उभे राहावे. हात हलवणे किंवा नोट दाखवणे तिथे असभ्य मानतात. माझा आग्रहाचा सल्ला असा की, पहिला ग्लास घेऊन लगेच टेबलाकडे जाऊ नका. काउंटरपाशी उभा असलेला माणूस बोलायला तयार असतो, टेबलावर बसलेल्याला त्याचा एकांत हवा असतो, असा तिथला अलिखित समज आहे. शेजारचे वृद्ध गृहस्थ आधी पावसाविषयी एखादे वाक्य बोलतील. त्याला उत्तर दिलेत की पुढचा अर्धा तास कसा गेला ते कळणार नाही.

पत्नींविषयी आपल्याला वाटणारी काळजी मला नीट समजते, कारण एडिंबऱ्यातल्या पहिल्या वर्षी मीही मद्य घेत नव्हते आणि आठवड्यातून एकदा सोडा-लाइमचा ग्लास समोर ठेवून व्हायोलिन ऐकत बसत असे. तुम्ही पीत का नाही, असे मला त्या वर्षभरात एकानेही विचारले नाही. 1901 पासून स्कॉटलंडमध्ये तयार होणारे आयर्न ब्रू हे नारिंगी रंगाचे गोड पेय बहुतेक ठिकाणी मिळते आणि आता अल्कोहोल नसलेली बिअरही सर्रास असते. स्त्रियांना हा मोकळेपणा फार जुन्या काळापासून लाभलेला नाही, हेही सांगायला हवे. ॲबर्डीनमधला ‘द ग्रिल’ हा व्हिस्कीसाठी नावाजलेला पब 1975 चा लिंगभेदविरोधी कायदा होईपर्यंत स्त्रियांना आत घेत नसे. आज एकटी बाई पुस्तक वाचत अर्धा पाइंट (पाइंट म्हणजे सुमारे 568 मिलिलिटर) बिअर घेऊन बसलेली दिसली तर कोणी वळूनही पाहत नाही.

आता व्हिस्की. काउंटरच्या मागे छतापर्यंत गेलेल्या लाकडी मांडणीला तिथे ‘गँट्री’ म्हणतात. तिच्यावरच्या शेकडो बाटल्या पाहून माणूस गोंधळतो आणि घरी ओळखीच्या असलेल्या नावाकडेच वळतो. तसे करू नये. स्कॉच म्हणवून घेण्यासाठी व्हिस्की स्कॉटलंडमध्येच गाळलेली, ओकच्या पिंपात निदान 3 वर्षे तिथेच मुरलेली आणि 40 टक्क्यांहून कमी अल्कोहोल नसलेली असावी लागते. ‘सिंगल माल्ट’ म्हणजे एकाच पिंपातली व्हिस्की असा गैरसमज आपल्याकडे बराच आहे. त्याचा खरा अर्थ एकाच भट्टीतली, केवळ माल्ट केलेल्या, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या बार्लीची व्हिस्की असा आहे, आणि बाटलीवर 12 वर्षे लिहिलेले असेल तर तिच्यात मिसळलेल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे ते वय असते. एवढे माहीत असले की पुरे. पुढे बारमनला साध्या शब्दांत सांगावे, की मला गोडसर, फळांच्या वासाचे काही हवे आहे, किंवा धुराच्या वासाचे चालेल. चांगल्या पबमधल्या माणसाला हा प्रश्न मनापासून आवडतो आणि तो बहुधा महागड्या बाटलीकडे हात न नेता आपल्याला शोभेल अशीच काढून देतो.

धुराचे थोडे अधिक सांगते. पश्चिम किनाऱ्यावरच्या आयला बेटावरील लफ्रॉइग, आर्डबेग आणि लागावुलिन या भट्ट्यांच्या व्हिस्कीत जो धूर जाणवतो, तो पीटचा असतो. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे कुजत, दबत गेलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून वाळवतात आणि त्याच्या धुरावर ओली बार्ली सुकवतात. ज्यांनी लहानपणी गावाकडच्या चुलीशेजारी रात्री काढल्या आहेत, त्यांना हा वास परका वाटणार नाही, मात्र त्याच्याबरोबर दवाखान्यातल्या आयोडीनची जी छटा येते तिची सवय व्हावी लागते. म्हणून संध्याकाळची सुरुवात ईशान्येकडच्या स्पेसाइड या भागातल्या सौम्य व्हिस्कीने करावी आणि आयला शेवटी घ्यावी, कारण एकदा धूर जिभेवर बसला की नंतरच्या व्हिस्कीतले नाजूक काही कळत नाही.

माप मात्र आपल्या पेगपेक्षा वेगळे आहे. तिथे 25 किंवा 35 मिलिलिटरचे माप असते आणि आपण कोणते वापरतो याची पाटी पबने लावावी लागते. 35 चे माप ‘गिल’ या जुन्या ब्रिटिश मापाच्या पाव भागाच्या जवळचे आहे आणि 1995 मध्ये मेट्रिक मापे आल्यानंतरही अनेक स्कॉटिश पबनी ते टिकवले. आपल्याकडच्या 60 च्या पेगची सवय असलेल्याला ग्लास रिकामाच वाटतो. पण ती व्हिस्की अर्धा तास वास घेत, थेंबाथेंबाने पिण्यासाठी असते. काउंटरवर पाण्याचा छोटा जग ठेवलेला असतो. त्यातले चार थेंब टाकले की वास मोकळा होतो. बर्फ मागितलात तर मिळेल आणि कोणी नाक मुरडणार नाही, पण थंडीने सुगंध मिटतो, आणि स्कॉटलंडच्या हवेत मुळात बर्फाची गरजच नसते. सोड्याची सवय असेल तर ती ब्लेंडेड, म्हणजे माल्ट आणि इतर धान्यांची व्हिस्की एकत्र केलेल्या व्हिस्कीसाठी राखून ठेवावी.

बिअरकडे आपण दुर्लक्ष कराल, असे आपल्या प्रश्नावरून वाटले. तसे करू नये, कारण तिथल्या नेहमीच्या माणसाची संध्याकाळ बहुधा बिअरचीच असते. हातपंपाने किंवा जुन्या पद्धतीच्या उंच पितळी नळातून येणारी कास्क एल ही तळघरातल्या पिंपातच शेवटचे आंबते. ती सुमारे 12 अंश सेल्सिअसला देतात, त्यामुळे पहिल्या घोटाला ‘ही तर गरम आहे’ असे वाटते. दुसऱ्या घोटापासून माल्टची भाजकी चव कळू लागते. स्कॉटिश बिअरच्या नावात 70 शिलिंग, 80 शिलिंग असे आकडे दिसतील. एकोणिसाव्या शतकात पिंपाची जी किंमत असे तिच्यावरून ती नावे पडली: जितकी कडक बिअर, तितके जास्त शिलिंग. 80 शिलिंग मिळाली तर अवश्य घ्या. ती मधुर, तपकिरी आणि फार कडू नसते. पूर्वी ही नावे घराघरात होती, आता ती कमी ऐकू येतात. एडिंबऱ्यातली 1869 मध्ये सुरू झालेली कॅलेडोनियन ब्रुअरी 2022 मध्ये बंद झाली, तेव्हा मला घरातले वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले.

या दोहोंना जोडणारी एक जुनी चाल आहे, तिला ‘हाफ अँड अ हाफ’ म्हणतात: व्हिस्कीचा एक छोटा ग्लास आणि शेजारी बिअरचा अर्धा पाइंट. दोन्ही एकमेकांत मिसळायचे नाहीत. एकाचा घोट, मग दुसऱ्याचा. वयस्कर माणसे अजूनही असेच मागतात आणि आपण तसे मागितलेत तर शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले दिसेल.

एडिंबऱ्यात माझी पहिली पसंती वेस्ट बो या उताराच्या रस्त्यावरील ‘बो बार’ला आहे. एकच खोली, भिंतींवर जुन्या ब्रुअरींचे आरसे, हवेच्या दाबाने बिअर वर आणणारे उंच नळ, भरगच्च गँट्री, आणि संगीत नाही, म्हणून बोलणे ऐकू येते. संगीत हवे असेल तर फॉरेस्ट रोडवरच्या ‘सँडी बेल्स’मध्ये जावे. लोकगीते गोळा करणारे कवी हॅमिश हेंडरसन इथे नेहमी येत असत आणि स्कॉटिश लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाशी या छोट्याशा खोलीचे नाव कायमचे जोडले गेले आहे. इथे मंच नसतो. वादक एका टेबलाभोवती बसतात, कोणी व्हायोलिन काढतो, कोणी बासरी, आणि एक धून दुसरीत मिसळत जाते. ते टेबल मोकळे दिसले तरी तिथे बसू नये, धून चालू असताना मोठ्याने बोलू नये, आणि संपल्यावर मनापासून दाद द्यावी. आपल्याकडच्या भजनाच्या बैठकीत वावरलेल्या माणसाला हे शिष्टाचार शिकवावे लागत नाहीत.

‘कॅफे रॉयल’ पाहण्यासाठी दुपारी जावे, कारण संध्याकाळी गर्दीमुळे भिंती दिसत नाहीत, आणि त्या भिंतींवर डोल्टन कारखान्याच्या रंगीत फरशांत जेम्स वॉट, मायकेल फॅरडे अशा संशोधकांची चित्रे आहेत. पत्नींना चालण्याची आवड असेल, तर आर्थर्स सीट टेकडीला वळसा घालून डडिंगस्टन गावातल्या ‘शीप हीड इन’ला पोहोचावे. तो 1360 पासूनचा आहे असे परंपरा सांगते. मागच्या बाजूला स्किटल्स या, चेंडू घरंगळवून लाकडी खुंट्या पाडण्याच्या खेळाची जुनी पट्टी आहे, तिथे दोघांनाही मजा येईल.

ग्लासगोमध्ये होप स्ट्रीटवरचा ‘पॉट स्टिल’ पुरेसा आहे. वरच्या बाटल्यांपर्यंत पोहोचायला तिथे शिडी लावतात. ड्रुरी स्ट्रीटवरचा ‘हॉर्सशू’ हा नालाच्या आकाराच्या, 100 फुटांहून लांब काउंटरसाठी प्रसिद्ध आहे आणि त्याच्याभोवती सर्व थरांतली माणसे उभी असतात. ग्लासगोकर बोलायला एडिंबराकरांपेक्षा मोकळे आहेत, हे माझे ठाम मत आहे. तिथे एकच विषय आपण होऊन काढू नये, तो म्हणजे सेल्टिक आणि रेंजर्स हे फुटबॉल संघ. त्या वैराला धर्माची आणि स्थलांतराची जुनी किनार आहे, आणि अनेक पबच्या दारावर संघाचे रंग घालून येऊ नये अशी पाटी असते.

आठ दिवसांतला एक मुक्काम मात्र ग्लेन्कोच्या दरीत करावा, असे मला वाटते. तिथल्या ‘क्लॅहिग इन’मध्ये चिखलाच्या बुटांसह येणारे गिर्यारोहक, सरपणाची शेगडी आणि भिजलेले कुत्रे असे सगळे एकत्र असते. स्वागतकक्षाजवळ फेरीवाल्यांना आणि कॅम्पबेल कुळातल्या माणसांना प्रवेश नाही, अशा अर्थाची पाटी आहे. 13 फेब्रुवारी 1692 च्या पहाटे कॅप्टन रॉबर्ट कॅम्पबेलच्या हाताखालील सैनिकांनी या दरीतल्या मॅकडोनाल्ड कुळातील अडतीसएक माणसे मारली. हे सैनिक त्याआधी सुमारे बारा दिवस त्याच कुटुंबांच्या घरी पाहुणे म्हणून राहिले होते, त्यांच्याच ताटात जेवले होते. डोंगराळ प्रदेशात पाहुणचार हा कायद्याहून मोठा मानला जाई, म्हणून हत्येपेक्षाही मिठाला न जागण्याची आठवण तीनशेहून अधिक वर्षे टिकली. त्या पाटीसमोर उभे राहिल्यावर, अनोळखी माणसाला आत घेऊन शेगडीजवळ जागा करून देणे ही तिथे केवळ व्यवसायाची रीत का नाही, हे मला प्रथम उमगले.

ग्लेन्कोला बसने जावे, भाड्याची गाडी घेऊ नये. डिसेंबर 2014 पासून स्कॉटलंडमध्ये वाहनचालकाच्या 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणे गुन्हा आहे. इंग्लंडमधली मर्यादा 80 ची आहे, त्यामुळे तिथल्या कोणाचा ऐकीव सल्ला इथे उपयोगाचा नाही. गाडी घेतलीच, तर चालवण्याच्या दिवशी आपण काहीही घेऊ नये. वय लहान दिसत असेल तर ओळखपत्र विचारतात, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा. पबचे स्वयंपाकघर अनेकदा रात्री आठ-नऊलाच बंद होते, तेव्हा जेवण आधी मागवावे. हॅगिस हा तिथला मेंढीच्या काळीज-यकृताचा आणि ओटचा पारंपरिक पदार्थ; आपण शाकाहारी असाल तर डाळी, ओट आणि बियांचा शाकाहारी हॅगिस मागावा. तो 1984 पासून विकला जातो आणि सलगमाच्या व बटाट्याच्या लगद्याबरोबर फार छान लागतो.

टिप देण्याची सक्ती नाही. बारमनने बराच वेळ समजावून सांगितले असेल तर ‘तुमच्यासाठीही एक’ असे म्हणून त्याच्या ग्लासाचे पैसे देण्याची चाल आहे. गप्पांत सामील झालेल्या कोणी आपल्यासाठी ग्लास आणला तर पुढची फेरी आपली असते, हे विसरू नये. चहाचे पैसे देण्यासाठी आपल्याकडे जी ओढाताण होते तिचेच हे शिस्तशीर रूप आहे. आपल्याला दुसरी फेरी नको असेल तर पहिलीलाच हसून नकार द्यावा, त्याचे कोणालाही वाईट वाटत नाही. ग्लास उचलताना ‘स्लांज-अ-व्हा’ म्हणतात, म्हणजे गेलिक भाषेत उत्तम आरोग्य. आणि निघताना रिकामे ग्लास उचलून काउंटरवर नेऊन ठेवावेत आणि ‘चिअर्स’ म्हणावे, ज्याचा अर्थ तिथे धन्यवाद असाही होतो.