युवा शिबिरात एचआयव्हीबद्दल काय सांगावे?

प्रश्न : वसईतील आमच्या चर्चच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दहावी-बारावीच्या मुलामुलींचे सुट्टीत शिबिर भरते. यंदा एचआयव्ही प्रतिबंधावर एक सत्र ठेवण्याचा विचार आहे. परंतु ‘विवाहापर्यंत संयम पाळा, इतकेच सांगा, कंडोमचे नावही नको’ असा काही पालकांचा आग्रह आहे. आयोजकांनी काय करावे?

उत्तर : संयमाची शिकवण तुमच्या श्रद्धेचा भाग आहे आणि ती जरूर द्यावी, मात्र तेवढ्यावर सत्र संपवले, तर मुले अर्धवट माहिती घेऊन घरी जातील. केवळ संयम शिकवणाऱ्या अमेरिकेतील कार्यक्रमांच्या १३ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांत सहभागी झालेल्या मुलांच्या लैंगिक वर्तनात टिकाऊ फरक आढळला नव्हता.

युगांडातील मुस्लिम डॉक्टरांच्या संघटनेने १९९२ मध्ये इमामांमार्फत एचआयव्ही प्रतिबंधाची माहिती कुटुंबांपर्यंत पोहोचवण्याचा प्रकल्प सुरू केला. तिथेही कंडोमच्या उल्लेखाला धर्मनेत्यांनी आधी विरोध केला होता आणि बऱ्याच चर्चेनंतरच ती माहिती प्रशिक्षणात आली. त्याच वर्षी आणि त्याच देशात अँग्लिकन धर्मगुरू गिडियन ब्यामुगिशा यांनी आपल्याला एचआयव्ही असल्याचे उघडपणे सांगितले. पुढे त्यांनी एचआयव्ही असलेल्याच एका स्त्रीशी विवाह केला आणि त्यांची मुले संसर्गमुक्त जन्मली. संसर्ग झाला म्हणजे संयम किंवा निष्ठा सुटली, असा अर्थ प्रतिबंधाच्या संदेशातून निघू नये, हा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

कारण तुमच्या शिबिरातही जन्मतःच आईकडून संसर्ग झालेला, रोज गोळ्या घेणारा आणि ते कोणालाही न सांगितलेला एखादा मुलगा बसलेला असू शकतो. व्यासपीठावरून ‘पापाचे फळ’ असा शब्द गेला, तर तो पुढे कोणाकडे मोकळेपणाने बोलेल? (भीतिदायक चित्रेही कटाक्षाने टाळावीत.) नियमित औषधांनी रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजता न येण्याइतके खाली गेले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

कामाची वाटणी केल्यास पालकांचा विरोधही मावळू शकेल. धर्मगुरूंनी नाते, जबाबदारी आणि करुणा यांवर बोलावे. संसर्गाचे मार्ग, कंडोम, चाचणी आणि औषधे यांविषयी सरकारी रुग्णालयातील आयसीटीसीच्या (एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्राच्या) समुपदेशकांना बोलू द्यावे. सरकारी केंद्रांत चाचणी आणि एआरटी (विषाणूंना दाबून ठेवणारी) औषधे मोफत मिळतात, एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि १०९७ या क्रमांकावर निःशुल्क माहिती मिळते, हे फळ्यावरच लिहून ठेवावे. प्रश्न नाव न घालता चिठ्ठ्यांवर मागवावेत आणि चिठ्ठी प्रत्येकाने टाकावी, कोरी असली तरी चालेल; म्हणजे कोणी विचारले हे कळत नाही. आग्रही पालकांना आदल्या आठवड्यात बोलावून समुपदेशकांकडून हेच सत्र त्यांच्यासमोर आधी घ्यावे. त्यांच्या शंकाही चिठ्ठ्यांवरच घेतलेल्या बऱ्या.