आवडती-नावडती यादी करताना

वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची यादी ३१ डिसेंबरला आठवून करायला बसू नका. नोव्हेंबरात वाचलेलं ताजं असतं, फेब्रुवारीतलं पुसट झालेलं. मग नुकतंच वाचलेलं उगाच वर चढतं. पुस्तक संपलं त्याच रात्री दोनशे पानी वहीत टिपून ठेवा: नाव, आवृत्तीचं साल, अनुवाद असेल तर अनुवादक, आणि जिथे अडखळलात ते पान. गुण मात्र तीन आठवड्यांनी द्या.

खरी कसोटी नावडत्यांत. ‘बोअर झालं’ एवढ्यावर भागत नाही. कंटाळा नेमका कुठे आला? चाळीसाव्या पानावरही पात्रांची नुसती ओळखपरेड चालली असेल तर दोष रचनेचा. वाक्य दोनदा वाचूनही कर्ता सापडत नसेल तर बहुधा अनुवादाचा. त्याची शिक्षा मूळ लेखकाला नको. पानं उलटसुलट बांधलेली, जोडाक्षरं फुटलेली, हा राग छपाईवरचा, तो वेगळा ठेवा. पन्नास पानांत सोडलेल्या पुस्तकांना ‘अर्धवट’ असा तिसरा रकाना करा. (नावाजलेलं म्हणून शेवटपर्यंत रेटलेलं मात्र नावडत्यांत खुशाल घाला.)

सातारा जिल्ह्यात असाल तर विकत घेण्याआधी भिलारला एक चक्कर मारा. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली, बसून फुकट वाचायची. तिथे पहिली वीस पानं चाळली तरी फसलेली खरेदी पुष्कळ टळते.

आवडती पाचच ठेवा. सहावं घालायचंच असेल तर एक काढा.